दशक्रिया आणि मुलींची जीप

आमच्या शाळेला दोन खोल्या आणि एक व्हरांडा. पंखे मात्र एखाद्या मंगल कार्यालयाला पुरतील इतके. प्रत्येक पंख्याच्या पात्यावर लाल अक्षरांत कोणाचं तरी नाव आणि खाली ‘यांच्या स्मरणार्थ’. मुलांनी जोडाक्षरं शिकावीत म्हणून मी हौसेनं तक्ते करून टांगले होते, पण मुलं जोडाक्षरं शिकली ती पंख्यांवरून. तीही लाईट गेल्यावर, कारण लाईट असताना पंखा वाचता येत नाही. मुलांच्या लेखी ते पंखे नव्हतेच मुळी. “बाई, सरपंचांची आई लई गरगरतीय,” असं पहिलीतलं पोर येऊन सांगायचं, म्हणजे मधला पंखा हलतोय. “बाई, पोलीस पाटलांचा आज्जा सकाळपासनं कुरकुरतोय,” म्हणजे दाराजवळच्या पंख्याला तेल हवंय. बदलून आलेला नवा शिक्षक हे पहिल्यांदा ऐकायचा तेव्हा माझ्याकडे बघत राहायचा. मी काही खुलासा करत नसे.

हे सगळे पंखे दशक्रियांमधून आले. जुन्नर-आंबेगावच्या बाहेरच्या माणसाला हे जरा समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे दशक्रिया म्हणजे घरच्या चार माणसांनी नदीवर जाऊन उरकायचा विधी नव्हे. ती सभा असते. सकाळी घाटावर मांडव, खुर्च्या, माईक, प्रवचनाला महाराज आणि तालुक्यातल्या सगळ्या पक्षांचे पुढारी. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे हे पुढारी दशक्रियेला शेजारी शेजारी बसून जांभया देतात. प्रवचन झालं की श्रद्धांजलीची भाषणं, मग पिंडाला कावळा शिवायची वाट बघणं, आणि मधेच केव्हातरी सूत्रसंचालक जाहीर करतो की मयताच्या कुटुंबानं अमुक मंदिराला, तमुक तालमीला आणि गावच्या शाळेला काय काय दिलं. गरीब देशांतल्या शिक्षणाला परदेशातून मदत कशी येते, यावर मी प्रशिक्षणात पुष्कळ व्याख्यानं ऐकली आहेत. आमची शाळा उभी आहे ती गावच्या मयतांवर.

पंख्यांबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार होती ती सातवीनंतरची.

शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल कळंबला. गावठाणातल्या मुली वडिलांच्या नाही तर भावाच्या गाडीवर मागे बसून जायच्या. माळावर मेंढपाळांची वस्ती आहे, तिथली मुलं एका मोटरसायकलवर तिघं तिघं बसून जायची. राहता राहिल्या त्या वस्तीवरच्या मुली. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस, आणि उसात बिबट्या. आमच्याकडे बिबट्या ही गोष्ट सांगायची राहिलेली नाही, तो असतोच. एसटी त्या वाटेला जात नाही. त्यामुळे वस्तीवरची मुलगी सातवी झाली की मेंढरांमागे जायची, आणि दोन वर्षांत तिच्या लग्नाची पत्रिका शाळेत यायची. मी कायद्याचं बोलायचे, घरोघर जाऊन बोलायचे. सगळे माना डोलवायचे, चहा पाजायचे आणि निघताना आमंत्रण द्यायचे. घरी येऊन मी भांडी आपटायचे. माझे यजमान त्या दिवशी मुकाट्यानं जेवायचे.

त्या वर्षी सातवीत एक मुलगी होती. वस्तीवरचीच. तिच्याइतकी फटकळ पोरगी मी नोकरीत पाहिली नाही. पुस्तकात कोकराची एक कविता होती, मी ती चालीवर म्हणून दाखवत होते. ही मधेच उठली. “बाई, कोकरू आसं करत न्हाई. ह्ये लिवनाऱ्यानं कोकरू बघितलंच न्हाई.” बाकीची मुलं हसली. मी रागावले. दुपारी पुन्हा कविता वाचली आणि मला ती कधीच पहिल्यासारखी आवडली नाही. ही मुलगी आठवीत गेली पाहिजे, असं मी मनाशी पक्कं केलं. नुसतं वाटलं नाही, मी तो हट्टच धरला.

तिच्या बापाला भेटायला मी वस्तीवर गेले. उंच, काटक माणूस. बोलायचा कमी आणि बोलताना नजर मेंढरांवर. म्हणाला, “बाई, शिकवायला माझं काय जातंय? पर उसातनं येकली पोर कशी धाडू? दारात गाडी आली तर जाईल. न्हाई आली तर न्हाई.” मी म्हटलं, ठरलं तर मग. गाडी आणायची. जून उजाडायच्या आत.

आधी मी रीतसर मार्गानं गेले. पुण्यातली एक संस्था परदेशातून येणाऱ्या पैशावर मुलींना शिक्षणाची समान संधी मिळावी म्हणून प्रकल्प चालवत होती. तिचा तरुण कार्यकर्ता आला. मुलगा खरंच चांगला होता. घामाघूम होत वस्तीपर्यंत चालत गेला, मेंढरांना घाबरला तरी दाखवलं नाही. त्यानं विचारलं, “मॅडम, तुमची नेमकी गरज काय?” मी म्हटलं, “जीप.” त्याचा चेहरा पडला. “वाहतूक आमच्या निधीत बसत नाही, मॅडम. देणगीदारांना शाश्वत काहीतरी हवं असतं.”

“मग शाश्वत काय असतं?”

“आत्मविश्वास,” तो म्हणाला.

म्हणून मग आत्मविश्वासाचं शिबिर झालं. पुण्याहून दोन बाई आल्या, मुलींना गोल बसवलं, डोळे मिटायला लावले आणि आपापलं स्वप्न कागदावर काढायला सांगितलं. कुणी डॉक्टर काढला, कुणी पोलीस. आमच्या या मुलीनं एक जीप काढली, मागचं दार उघडं असलेली. त्यातल्या एक बाई हरखून गेल्या. “अरे वा! तुला ड्रायव्हर व्हायचंय?” मुलगी म्हणाली, “न्हाई. मला त्यात बसायचंय.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, केळी आणि बिस्किटं वाटली. आमच्या मुलींकडे आत्मविश्वास आधीच गरजेपेक्षा जास्त होता. कमी होती ती चाकं.

तेव्हा मी वळले दशक्रियांकडे.

जात तर मी पूर्वीही होते, गावात राहायचं म्हणजे जावं लागतंच. आता हेतू ठेवून जाऊ लागले. फोटोचं दर्शन घ्यायचं, मयताच्या थोरल्या मुलाला गाठायचं, दोन शब्द सांत्वनाचे बोलायचे आणि तिसऱ्या शब्दाला जीप काढायची. लोक ऐकून घ्यायचे. एका कांद्याच्या व्यापाऱ्यानं तर अगदी मनापासून ऐकलं आणि मग विचारलं, “बाई, जीप भाड्यानं लावायची म्हंजी द्यायचं ते डिझल. आता डिझलवर आमच्या वडलांचं नाव लिवायचं कुटं?” त्याच्या वडिलांच्या स्मरणार्थ शाळेला पाण्याची टाकी आली. तिच्यावर नाव इतक्या मोठ्या अक्षरांत आहे की ते ओतूरहूनही वाचता यावं. आणखी एका दशक्रियेत भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणखी एकीत अर्थातच पंखा.

याचा परिणाम असा झाला की लोक मला ओळखू लागले, म्हणजे वेगळ्या अर्थानं. गावात कोणी आजारी पडलं आणि मी समाचाराला गेले की घरातली बाई आधी पेशंटच्या अंगावर पांघरूण ओढायची. एका म्हातारीनं तर मला दारातच सांगितलं, “बाई, साधा खोकला हाय. तुमी या आता.”

गावात एक आबा होते, सगळ्यात मोठे बागायतदार. नदीला लागून जमीन, ऊस, बटाटा, दोन विहिरी आणि आवाज असा की शेताच्या या बांधावरून त्या बांधाला बोलायला मोबाईलची गरज लागत नसे. हिवाळ्यात आबांना छातीचा त्रास झाला, मंचरच्या दवाखान्यात ठेवलं, ऑक्सिजन लावला. त्यांचा थोरला मुलगा शाळेत आला, व्हरांड्यातच उभा राहिला आणि डोळे पुसत म्हणाला, “बाई, डॉक्टरांनी आशा सोडलीय. आमी घरच्यांनी ठरवलंय, आबांच्या दशक्रियेला मुलींसाठी जीप द्यायची. दोन्ही दारांवर नाव.” मी म्हटलं, असं बोलू नका, आबा बरे होतील. हे म्हणताना मला खरंच वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी जीप किती सीटची असेल हा विचारही डोक्यातून जात नव्हता. माणूस एका वेळी दोन्ही करू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

दिवस मावळायच्या आत बातमी वस्तीवर पोचली. कुणाच्या मनात आबांचं वाईट नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण तेव्हापासून वस्तीवरचं जो तो आबांची चौकशी करू लागला. “आबांचं कसं हाय?” दूध घालायला गेलेला मेंढपाळ विचारायचा. “आबा जेवले का?” बाजाराला निघालेल्या बाया विचारायच्या. या मुलीचा बाप तर दिवसाआड आबांच्या घराच्या वाटेवर थांबून विचारायचा. थोरल्या मुलानं हे दवाखान्यात आबांच्या कानावर घातलं: सगळी वस्ती तुमची विचारपूस करतेय. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या माणसांना आपली काळजी आहे, हे त्यांना उभ्या आयुष्यात माहीत नव्हतं. त्यांना जगावंसं वाटू लागलं. होळीच्या आधी आबा घरी आले, आणि पोळी खाल्ली.

समाचाराला जाणं भाग होतं. मी मोसंबी घेऊन गेले. दारात ही मुलगी भेटली, हातात शेळीच्या दुधाची किटली. बापानं आबांच्या खोकल्यासाठी पाठवली होती. आबा पडवीत कॉटवर लोडाला टेकून बसले होते. आमच्याकडे बघून म्हणाले, “या मास्तरीनबाई. निराशा झाली आसंल तुमची.”

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. मी काही तरी गुळमुळीत बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मुलीनं किटली खाली ठेवली आणि विचारलं, “आबा, तुमी कवा मरनार?”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आतून आजींच्या, म्हणजे आबांच्या बायकोच्या, हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला. आबांनी भुवया वर केल्या. “का गं? घाई हाय का?”

“जूनमधी शाळा सुरू व्हती. तवर जीप पायजे. न्हाईतर मला मेंढरांमागं जावं लागंल. आन मग लगीन.”

“आन जूनपतोर न्हाई मेलो तर?”

“मग नका मरू,” ती म्हणाली. “पर जीप द्या.”

आबा हसले. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता ते निळेजांभळे पडले, घरातली सगळी माणसं धावली, कुणी पाठ चोळतंय, कुणी पाणी आणतंय. आजींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी मोसंबी तिथेच ठेवून मुलीचा हात धरून बाहेर पडले. वाटेत तिला रागवायचं होतं. पण तिचं चुकलं कुठे, हे मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी आबांनी थोरल्या मुलाला बोलावून सांगितलं, जीप आत्ताच देऊन टाक. मुलगा अडचणीत पडला. “कुठल्या निमित्तानं द्यायची, आबा? उगंच दिली तर लोकं म्हनतील, इलेक्शनला उभा राहतोय.” दुसरी अडचण त्यानं जरा चाचरत सांगितली: जीप आत्ताच दिली, तर पुढे दशक्रियेला जाहीर काय करायचं? आबा म्हणाले, “मंग दशक्रियाच करा आत्ता. मी बसतो म्होरं.” आजी आतून बाहेर आल्या. जित्या माणसाचा दहावा करणाऱ्याला मी घरात पाय ठेवू द्यायची नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी आजवर शब्द मागे घेतलेला कोणी पाहिला नव्हता. शेवटी भटजींनी हिशेब करून सोडवणूक केली. आबांना ऐंशी उलटून गेली होती, तेव्हा सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा करता येत होता. निमित्त मिळालं. मे महिन्याच्या शेवटी, पेरण्यांच्या आधी, शाळेच्या पटांगणात सोहळा ठरला.

पण आमच्या भागात मांडव घालणारा, माईकवाला, सूत्रसंचालक, महाराज, ही सगळी मंडळी ठरलेली. आणि त्यांची सवय दशक्रियेची. फ्लेक्सवाल्यानं आबांचा मोठा फोटो छापला आणि दोन्ही कोपऱ्यांत आपसूक तेवत्या समया टाकल्या. आबांनी फ्लेक्स बघितला आणि म्हणाले, “फोटू चांगला आलाय.”

सोहळ्याच्या दिवशी आबा पांढरा फेटा बांधून पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले. सूत्रसंचालकानं तालुक्यातल्या निम्म्या मयतांना निरोप दिलेला होता. सुरुवात त्यानं खणखणीत केली, पण आबांचं नाव घेताच सवयीनं त्याचा आवाज खाली आला, गळा दाटला, आणि तो म्हणाला, “आज आबा आपल्यात...” इथं त्याची नजर समोर गेली. “...आपल्यात बसलेले आहेत,” असं म्हणून त्यानं रुमालानं घाम पुसला. महाराजांनी देहाच्या क्षणभंगुरतेवर प्रवचन दिलं, कारण त्यांच्याकडे दुसरं नव्हतं. मग पुढाऱ्यांची भाषणं. एक म्हणाले, तालुक्याची कधीही भरून न येणारी हानी. दुसरे म्हणाले, आबांच्या आत्म्याला शांती, आणि लगेच सावरून, आणि शरीरालाही. आबा मान डोलवत होते. भाषणं त्यांना आवडत होती. आपल्यामागे काय बोललं जाईल, हे ऐकायची संधी कुणाला मिळते?

एका वक्त्यानं सांगितलं, आबा जन्मात कुणाला उणं बोलले नाहीत. बायकांच्या बाजूनं आजींचा आवाज आला, “मंग मला कोन बोलत व्हतं?” मांडव हसला. आबांनी हात वर केला. “त्ये ऱ्हाऊ द्या. तुमी बोला म्होरं.”

आणि मग सूत्रसंचालक, अगदी नकळत, म्हणाला, “आता आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या.” अख्खा मांडव उभा राहिला. सवयच तशी. मीही उभी राहिले. आबासुद्धा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले आणि त्यांनी मान खाली घातली. आपलं काय चाललंय हे एकेकाच्या लक्षात येऊ लागलं, पण खाली कसं बसायचं हे कुणालाच कळेना, कारण मधेच बसणं बरं दिसत नाही. शेवटी आजीच म्हणाल्या, “अवो, बसा की खाली. गुडघं दुखतील.” सगळे बसले.

मग जीप जाहीर झाली. गेटजवळ ती उभीच होती, हार घातलेली, दोन्ही दारांवर आबांचं नाव. पेंटरला ‘यांच्या स्मरणार्थ’ लिहिण्यापासून अडवायला मी स्वतः दिवसभर त्याच्या डोक्यावर उभी राहिले होते. टाळ्या झाल्या. आभार मानायला माझ्या हाती माईक आला.

मी आभार मानले. तिथेच थांबायला हवं होतं. पण जीपकडे बघितलं, आणि पटांगणात उभी असलेली शाळेची टाकी, तिच्यावरचं नाव, सगळं एकदम दिसलं. मी म्हटलं, “जीप तर आली. ती चालणार कशावर? ड्रायव्हरचा पगार कोण देणार? डिझेल कोण घालणार?”

मांडव गप्प झाला. मघाच्या दोन मिनिटांपेक्षा ही शांतता जास्त खरी होती. थोरल्या मुलानं हातातलं घड्याळ बघितलं. पुण्याचा कार्यकर्ता मुलगा तिसऱ्या रांगेत होता, तो बुटांकडे बघू लागला. मागून कोणी तरी म्हणालं, पालकांनी द्यावं. मी विचारलं, कुठल्या पालकांनी? माझा आवाज चढला होता. मी आता दोन-चार पुढाऱ्यांना नावानिशी बोलणार, हे माझं मलाच दिसत होतं.

तेवढ्यात लिंबाखालून मुलीचा बाप उठला. वस्तीवरची माणसं मांडवात खुर्च्यांवर बसलेली नव्हती, ती बाहेर सावलीत होती. तो सावकाश आला, सतरंजीच्या कडेला वहाणा काढल्या आणि सूत्रसंचालकाकडे हात पुढे केला. सूत्रसंचालक घुटमळला. वक्त्यांत याचं नाव नव्हतं. आबा गरजले, “दे त्येला!” आवाज परत आलेला होता.

त्यानं माईक काठीसारखा धरला. “राम राम मंडळी,” तो म्हणाला. “आमी काय देनार? आमच्याकडं मेंढरं हायती. तर जो कोनी येका म्हैन्याचं डिझल घालंल, त्येच्या वावरात पेरनीच्या आधी माझी मेंढरं बसतील. दाना नको, पैका नको. वस्तीवरल्या बाकीच्यांला बी मी इचारलंय. त्यांची बी बसतील.”

शेतात मेंढरं बसवणं म्हणजे काय, हे मांडवातल्या कुणालाही सांगायची गरज नव्हती. रात्रभर कळप वावरात बसला की लेंडीखत आणि मूत जमिनीत जिरतं, पिकाला असा जोर येतो की गोणीतलं खत त्याच्यापुढे काही नाही. त्यासाठी शेतकरी मेंढपाळाला धान्य नाही तर रोख देतात, आणि हंगामात त्याच्या मागे मागे फिरतात. शांतता कुठच्या कुठे गेली. “जून माझा!” कांद्याचा व्यापारी ओरडला. हा तोच, डिझेलवर नाव कुठे लिहायचं म्हणणारा. “जुलै आमचा!” दुसरा उठला. एक पुढारी अख्खं वर्ष एकटाच घेऊ बघत होता, त्याला त्याच्याच पक्षाच्या लोकांनी खाली बसवलं. फेब्रुवारीवरून दोन सख्ख्या भावांची जुंपली. आबांनी थोरल्या मुलाकडे नुसतं बघितलं, आणि तो उभा राहून म्हणाला, ड्रायव्हरचा पगार आमच्याकडे. मग जरा थांबून, “आमच्या नदीकाठच्या तुकड्यात पन मेंढरं बसवा, राव.” सोहळ्याचा पार लिलाव झाला. सूत्रसंचालक मात्र खुलला होता, मयताशिवाय इतकी गर्दी त्यानं कधी हाताळली नव्हती.

कार्यकर्ता मुलगा माझ्याजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “मॅडम, हे लोकसहभागात दाखवायचं का?” मी म्हटलं, “लेंडीखतात दाखवा.”

जेवणं सुरू झाली. मासवडी होती. मी वाढपातून सुटून लिंबाखाली गेले. मुलीचा बाप मांडी घालून जेवत होता. मला त्याचं कौतुक करायचं होतं, आणि ते मी भरभरून केलं. एका हंगामाची कमाई तुम्ही सोडलीत, म्हटलं, गावातल्या शिकलेल्यांना सुचलं नाही. तो खाली बघून भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, “बाई, तुमाला येक सांगितलं नव्हतं. पोरीला बघाय पावनं येनार हायती, सोमवारी. माझ्या थोरल्या भावानं ठरवलंय. त्यानं शबूद दिलाय.”

“आणि तुम्ही?” मी विचारलं.

“आमच्यात थोरल्याम्होरं माझं चालत न्हाई. कायदा तुमी सांगितला, त्यो बी त्येला सांगून बघितला. हसला. म्हून आज माईकवर बोललो.” त्यानं मांडवाकडे मान केली. तिथं त्याचा भाऊ आबांच्या मुलाशेजारी बसून जेवत होता. आज पहिल्यांदाच त्याला मांडवात, खुर्चीवर बसवलं होतं. “आता आख्ख्या तालुक्यानं डिझल घातलंय. पोरगी गाडीत न्हाई दिसली तर ही समदी मानसं थोरला म्हून भावाला इचारतील, मला न्हाई. सोमवारी पावन्यांला त्योच नको म्हनंल.”

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. राग कोणाचा ते अजून धड सांगता येत नाही. वर्षभर मी जीप मागत हिंडले होते, आणि तो माणूस वर्षभर काय शोधत होता याची मला गंधवार्ता नव्हती.

“पण हे एका वर्षाचं झालं,” मी म्हटलं. “पुढल्या वर्षी?”

“पुढल्या वर्सी पुन्यांदा बसवीन मेंढरं,” तो म्हणाला. “कळंबला शाळा कितवीपतोर हाय?”

मी सांगितलं. त्यानं मान हलवली आणि उरलेली मासवडी भाकरीवर घेतली.